मालकीच्या रानांत वन्य जीवांस आसरा



इस्लापूरच्या आसमंतांत ज्यांची शेती आहे, त्यांपैकीं पुष्कळांच्या सातबाऱ्यावर दोन प्रकारची जमीन असते. एक नांगराखालची. तिची चिंता घरांत रोज वाहिली जाते. कापसाला भाव काय, तुरीला पाऊस पुरेल कीं नाहीं, हेंच बोलणें चाललेलें असतें. दुसरी जमीन मुरमाड टेकाडाची, नाल्याच्या काठची, पोटखराब्याची. तिच्यांत चार साग, एखादा मोह, पळसाचीं बेटें, अर्धी वाळलेली सालई आणि मधून मधून घाणेरीचें दाट रान असतें. तिचा विचार मनांत येतो तो बहुधा सरपण हवें असलें म्हणजे, किंवा एखादा लांकडाचा व्यापारी दारीं आला म्हणजे. ह्या लेखांत त्या दुसऱ्या जमिनीविषयीं लिहावयाचें आहे. तिच्यावर कोण कोण राहतें, त्यांना तेथें नीट राहतां यावें म्हणून मालकास काय करतां येईल, आणि तसें केल्यानें त्याचें स्वतःचें नुकसान होईल कीं काय, हे तीन प्रश्न आहेत. आणि तिसरा सर्वांत अवघड आहे.

प्रथम आपल्या मुलखाची ओळख करून घेऊं. आज इस्लापूर नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांत आहे; परंतु १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत इस्लापूरचें सर्कल हैदराबाद राज्यांतील आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यांत मोडत असे. राज्याच्या सीमा बदलल्या, रान मात्र एकच राहिलें. गांवाजवळ पैनगंगा सहस्रकुंडाच्या काळ्या खडकांवरून खालीं उडी घेते. पलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो. दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलें पैनगंगा अभयारण्य आहे, आणि दक्षिणेस तेलंगणांतील आदिलाबादचीं सागाचीं रानें आहेत. ह्या सर्वांच्या मधल्या जागेंत तुमचीं आमचीं शेतें आहेत. वन्य पशूला एका रानांतून दुसऱ्या रानांत जावयाचें झालें, तर त्याची वाट आपल्याच बांधावरून जाते.

ही कल्पनेची गोष्ट नव्हे. २०१९ सालीं यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतून एक तरुण वाघ स्वतःचें रान शोधावयास निघाला. त्याच्या गळ्यांत रेडिओचा पट्टा बांधलेला असल्यामुळें त्याचें प्रत्येक पाऊल वनखात्यास कळत होतें. महाराष्ट्र व तेलंगणा अशा दोन राज्यांतून फिरत, १,३०० किलोमीटरांहून अधिक चाल करून तो त्या वर्षाच्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. एवढ्या वाटेवर सलग जंगल कोठून असणार? दिवसा तो नाल्याच्या झुडपांत, उभ्या पिकांत पडून राही आणि रात्रीं चाले. ज्या नाल्याला झाडी होती त्या नाल्यानें त्यास वाट दिली. त्या वाटेवरील बऱ्याच जमिनीचे मालक शेतकरी होते; आपण एका वाघास ओसरी दिली, हें त्यांतील कित्येकांना ठाऊकही नसेल.

‘खाजगी जंगल’ हा शब्द मात्र जपून वापरला पाहिजे. महाराष्ट्र शासनानें १९७५ सालीं खाजगी वनें संपादन करण्याचा कायदा केला आणि ३० ऑगस्ट १९७५ पासून अशीं वनें शासनाच्या मालकीचीं झालीं. लहान खातेदारांस कांहीं मर्यादेपर्यंत जमीन परत देण्याची सोय पुढें करण्यांत आली. म्हणून आपल्याकडे आज जें मालकीचें रान म्हणतात, तें म्हणजे बहुतेक ठिकाणीं बांध, टेकाडें, नाल्याचे काठ आणि पडीत तुकडे होत. एकेक तुकडा एक-दोन एकरांचाच असतो. पण दहा शेजाऱ्यांचे तुकडे एका नाल्याला लागून आले, तर त्यांची एक लांबच लांब पट्टी होते.

आतां प्राण्यास रानांत काय लागतें तें पाहूं. आपला नेहमींचा तित्तर घ्या. त्याला खावयास गवताचें बीं हवें. पण त्याच्या पिलांना पहिले कांहीं आठवडे किडे-मुंग्याच लागतात. ससाणा वरून आला तर शिरावयास कांटेरी झुडूप हवें. अंगाला धूळ चोळावयास उघडी माती हवी, अंडीं घालावयास न चिरडलेलें गवत हवें, आणि थोडें पाणी हवें. हें सर्व त्याला चालत जाण्याइतक्या टापूंत मिळालें पाहिजे. चारा एका टेकडीवर आणि झुडूप दोन मैलांवर असेल, तर तित्तराच्या दृष्टीनें तेथें दोन्ही नाहींत. नुसतें सागाचें रान दिसावयास हिरवेंगार असतें. परंतु त्यांत तित्तराला काय मिळणार? आरंभींच्या पावसानंतर सागाच्या कोंवळ्या पानांवर अळ्या पडतात तेव्हां कांहीं दिवस पांखरांची चंगळ होते, ती तेवढीच. सागाबरोबर धावडा, तेंदू, चारोळी, बोर, बेहडा, उंबर असे निरनिराळे वृक्ष, त्यांखालीं झुडूप आणि त्याखालीं गवत, असें मजल्यामजल्यांचें रान असेल तर प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी बिऱ्हाडकरू येतो.

अमेरिकेंत आल्डो लिओपोल्ड नांवाचे एक वनाधिकारी होऊन गेले. त्यांनीं १९३३ सालीं ह्या विषयावर एक ग्रंथ लिहिला. त्यांत त्यांनीं एक मार्मिक विचार मांडला आहे. कुऱ्हाड, नांगर, गाय, विस्तव आणि बंदूक ह्या पांच साधनांनीं माणसानें वन्य जीवांचा नाश केला. पण ह्यांचाच विचारानें उपयोग केला, तर ते जीव पुनः नांदूं लागतील, असें त्यांचें म्हणणें होतें. नुसता ग्रंथ लिहून ते थांबले नाहींत. १९३५ सालीं त्यांनीं विस्कॉन्सिन प्रांतांत एक नापीक होऊन टाकून दिलेलें शेत विकत घेतलें आणि बायकामुलांसह सुटीच्या दिवसांत तेथें झाडें लावण्यास आरंभ केला. पहिल्या वर्षांतील लागवड अवर्षणानें पुष्कळशी मेली. त्यांनीं ती पुनः लावली. हीं पांच साधनें आपल्या रानास लावून पाहूं या.

कुऱ्हाडीपासून आरंभ करूं, कारण आपल्याकडे खरा प्रश्न तिचाच आहे. रानांत सरपणासाठीं गेलेला मनुष्य प्रथम कोणतें झाड तोडतो? वाळलेलें. आपणांस वाटतें, मेलेलें झाड कोणाच्या उपयोगाचें? वस्तुतः जिवंत झाडाहून वाळलेल्या झाडावर अधिक बिऱ्हाडें असतात. सुतारपक्षी मऊ झालेल्या खोडांत भोंक पाडतो, एक विणीचा हंगाम त्यांत काढतो आणि सोडून जातो. मग त्यांत साळुंकी, पोपट, पिंगळा राहावयास येतात. सालीखालीं पाली, वटवाघळें आणि नाना प्रकारचे किडे असतात.

ह्या ढोल्यांवर ज्याचा सर्व संसार अवलंबून आहे, तो पक्षी म्हणजे धनेश. करड्या रंगाचा, लांब शेपटीचा, मोठ्या वांकड्या चोंचीचा हा पक्षी मोठ्या झाडांच्या ओळींत अजून दिसतो. विणीच्या वेळीं मादी एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलींत शिरते आणि विष्ठा व मातीच्या गाऱ्यानें तोंड लिंपून घेते. चोंचीपुरती एक उभी फट तेवढी ठेवते. अंडीं उबवून पिलें मोठीं होऊं लागेपर्यंत ती त्या कोठडींतच असते, आणि ते सर्व आठवडे नर तिला त्या फटींतून वडापिंपळाचीं, उंबराचीं फळें भरवीत असतो. नर मेला तर आंतलीं सर्व उपाशीं पडतात. अशी ढोली दहा वर्षांच्या झाडाला पडत नाहीं. त्याला जुनें, जाड, एखादी फांदी मोडून आंत कुजलेलें झाड लागतें. आपण ‘कांहीं कामाचें नाहीं’ म्हणून तोडतों तें हेंच झाड. तेव्हां मालकानें कुऱ्हाड हातीं घेण्यापूर्वीं दर एकरांत निदान दोन-तीन जुनीं पोकळ झाडें खूण करून राखावीं. घर, वाट किंवा विजेची तार ह्यांवर पडण्याचा धोका असेल तें झाड अर्थात् काढावें. नियमासाठीं कोणी जीव धोक्यांत घालूं नये. उंबर, वड, पिंपळ हीं तर मुळींच तोडूं नयेत. इतर झाडांना फळ नसतें अशा दिवसांतही ह्यांतील एखादें फळलेलें असतें.

कुऱ्हाडीचा चांगला उपयोगही आहे. दाट वाढलेल्या सागांतील वेडेवांकडे, दबलेले खुंट काढले तर उन्हें खालीं पोंचतात आणि गवत व झुडपें उठतात. राहिलेला सागही जोमानें वाढतो. परंतु लक्षांत ठेवा कीं, १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यान्वयें साग, मोह यांसारखीं झाडें स्वतःच्या शेतांत असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत.

घाणेरीवर मात्र कुऱ्हाड चालवून भागत नाहीं. शोभेचें झाड म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं परदेशांतून आणलेलें हें झुडूप आज गवताची जागा बळकावून बसलें आहे. वरून तोडलें कीं त्यास दसपट फुटवे येतात, आणि जाळलें तर तें अधिकच माजतें. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनीं ह्यावर एक साधी युक्ति बसविली आहे. जमिनीच्या दोन-तीन बोटें खालीं कुदळीनें मुख्य मूळ छाटावयाचें, झुडूप उपटून मुळें वर करून उलटें ठेवावयाचें आणि मोकळ्या जागीं लगेच गवताचें बीं टाकावयाचें. पांखरें ज्या झाडांवर बसतात त्यांखालीं घाणेरीचीं रोपें पुनः उगवतात. तीं पुढील दोन-तीन पावसाळे वेंचीत राहावें लागतें. सगळी घाणेरी एका वर्षांत काढूं नये, हें माझें मत आहे. तीच आज ससा-तित्तरांचें एकमेव झुडूप असेल, तर बोर, करवंद, हेंकळ अशीं आपलीं कांटेरी झुडपें उठेपर्यंत तिचा थोडा भाग राहूं द्यावा.

कुऱ्हाड थांबविण्यास मालकास मोबदला मिळूं शकतो काय? ह्याचें एक खरेंखुरें उदाहरण आपल्याच राज्यांत आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या संगमेश्वर भागांत सह्याद्रीच्या पायथ्याचें पुष्कळसें रान खाजगी मालकीचें आहे, आणि ठराविक वर्षांनीं तें सरसकट तोडून त्याचा कोळसा करण्यासाठीं विकण्याची तेथें चाल पडली होती. पुणें येथील ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ ह्या संस्थेनें तेथील मालकांशीं करार केले: रान तोडावयाचें नाहीं, आणि त्याबद्दल मालकांस व गांवास कांहीं ठरलेला लाभ द्यावयाचा. त्या रानांतील जुन्या बेहड्यांच्या ढोल्यांत मोठे धनेश घरटीं करतात. बेहड्याचें फळ तर त्रिफळ्यांतील एक. झाडाला इजा न करतां, कांहीं फळें रानासाठीं राखून गोळा केलेल्या हिरड्या-बेहड्यांस २०१५ सालीं ‘फेअरवाइल्ड’ नांवाचें आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालें आणि परदेशचें गिऱ्हाईक लाभलें. उभें झाड एकदांच विकून जें मिळालें असतें, त्याऐवजीं त्याचें फळ वर्षानुवर्षें विकतां येऊं लागलें. आपल्याकडे बेहडा आहे, मोह आहे, चारोळी आहे, बिब्बा आहे, आवळा आहे. त्यांना तसें गिऱ्हाईक आज नाहीं, हें खरें. पण चारोळीचें झाड मुळापासून तोडून तिचीं फळें काढण्याचा प्रकार तरी गिऱ्हाइकाची वाट न पाहतां बंद करतां येईल.

विस्तवाविषयीं बोलावयाचें तर मोहाविषयीं बोलावें लागतें. चैत्राच्या सुमारास मोहाचीं फुलें पहाटे गळतात. तीं वेंचतांना पाचोळ्यांत हरवूं नयेत म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची चाल आहे. वारा सुटला म्हणजे तोच वणवा होऊन टेकडी चढतो. जमिनीवरील अंडीं, कासवें, सरडे, उगवतीं रोपें सर्व त्यांत जळतात. ज्या रानास दरसाल आग लागते, त्यांत जुनीं झाडें दिसतात, लहान रोपें मुळींच दिसत नाहींत. म्हणजे मोहाचीच पुढील पिढी आपण जाळीत असतों. पाला खराट्यानें झाडून बाजूस करावा, किंवा झाडाखालीं जुनीं लुगडीं, जाळी पसरावी. जाळावयाचेंच झालें तर भोंवतीं पांच-सहा हात जागा स्वच्छ करून, जवळ पाणी ठेवून, विझेपर्यंत तेथें थांबावें. मोहाचीं फुलें अस्वलालाही आवडतात. म्हणून अंधारांत एकट्यानें वेंचावयास जाऊं नये. उजाडल्यावर चौघांनीं मिळून बोलत बोलत जावें. मुलांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें.

गाईचें थोडक्यांत सांगतों. गवत बारा महिने चरूं दिलें तर चांगलें गवत मरतें आणि तरोटा व रानतुळस उरते. रानाचे तीन भाग करावे. एकांत चरूं द्यावें, दुसरा बीं गळून पडल्यावर कापावा, तिसरा त्या वर्षीं तसाच उभा ठेवावा, आणि दरसाल पाळी बदलावी. पावसाळ्यांत मोर, लावे, तित्तर गवतांत अंडीं घालतात. तेव्हां विळा जरा उशिरानें, पीक पडलेलें पाहून घातला तर बैलांचा चाराही बुडत नाहीं आणि पिलेंही वांचतात.

पाण्याचा उल्लेख लिओपोल्डांच्या यादींत नाहीं. त्यांचा देश वेगळा. आपल्याकडे उन्हाळ्यांत खुद्द सहस्रकुंडाची धार बारीक होते, तेथें नाल्यांची काय कथा! टेकाडावर समतल चर खणले, नाल्यांत दगडांचे लहान बांध घातले, तर पाणी मुरतें आणि विहिरीसही लाभ होतो. शेततळें असेल तर त्याची एक बाजू अवश्य उतरती असावी. प्लास्टिक अंथरलेल्या उभ्या भिंतींच्या तळ्यांत प्यावयास उतरलेला प्राणी वर येऊं शकत नाहीं. निदान एक दोरखंडाची जाळी किंवा फांद्यांची शिडी त्यांत सोडून ठेवावी. फवारणीचे पंप आणि औषधांचे डबे त्या पाण्यांत कधींही धुऊं नयेत.

आतां नांगर, आणि त्याबरोबर तो अवघड प्रश्न. पालक म्हणतील, “मास्तर, रोही आणि रानडुकरें एका रात्रींत हरभरा साफ करतात. रात्र रात्र माचाणावर जागून आमचे डोळे जातात. आणि आम्ही त्यांना घर बांधून द्यावें?” हा आक्षेप रास्त आहे, आणि जो मनुष्य स्वतः जागलीला गेला नाहीं त्यानें तो हंसण्यावारी नेऊं नये. वस्तुस्थिति अशी आहे कीं, रोही आपल्या दोन एकर झाडीमुळें येत नाहीं. उघड्या माळांवर आणि उभ्या पिकांवर तो तसाही जगतो. रानडुकराची गोष्ट निराळी. दिवसा लपावयास त्याला दाट जाळी लागते, आणि ती पिकाला खेटून असली तर तो तेथेंच मुक्काम करतो. घाणेरीची आणि वेड्या बाभळीची दाटी ही त्याची आवडती जागा. म्हणून झाडी आणि पीक यांच्यामध्यें तीस-चाळीस पावलांची, आंखूड गवताची मोकळी पट्टी राखावी, आणि पिकाला लागलेली घाणेरी सर्वांत आधीं काढावी. ह्यानें उपद्रव थांबेल असें मी म्हणत नाहीं; थोडा कमी होईल. उलट बाजूस पिंगळा, गव्हाणी घुबड, धामण, मुंगूस व खोकड ह्यांचें बिऱ्हाड बांधावर असेल तर उंदरांचा बंदोबस्त फुकट होतो. नुकसान झालें तर वनखात्याकडे लगेच अर्ज करून पंचनामा करवून घ्यावा. भरपाईची तरतूद शासनानें केलेली आहे. मात्र कुंपणाच्या तारेंत घरची वीज कोणीही सोडूं नये. ती रानडुकराला मारते तशीच पहाटे बांधावरून जाणाऱ्या शेजाऱ्यालाही मारते, आणि तो गुन्हाही आहे.

बंदुकीविषयीं एक वाक्य पुरे: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली, आणि हा कायदा फांसे, जाळीं व विष यांनाही लागू आहे. त्याच कायद्यांत पुढें अशीही सोय झाली आहे कीं, एखाद्या व्यक्तीनें किंवा गांवानें स्वेच्छेनें आपली जमीन वन्य जीवांसाठीं राखली, तर शासन तीस ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ म्हणून घोषित करूं शकतें. दोन एकरांसाठीं कोणी इतका खटाटोप करावा असें नव्हे. पण एका नाल्यावरच्या दहा-पंधरा खातेदारांनीं एकत्र बसून विचार करण्यासारखी ती गोष्ट आहे.

शास्त्रवाचनाच्या तासाला मुलांनीं निर्गमाचा तेविसावा अध्याय वाचला असेल. सहा वर्षें पेरून सातव्या वर्षीं जमीन पडीत ठेवावी. तींत आपोआप उगवेल तें गरिबांनीं खावें, आणि त्यांच्याकडून उरेल तें रानांतील पशूंनीं खावें, अशी तेथें आज्ञा आहे. गरीब आधीं आणि पशु मागून, हा क्रम ध्यानांत घ्यावा. परंतु पशूला त्या यादींतून वगळलेलें नाहीं. अनुवादाच्या पुस्तकांतही घरट्यांत पिलें सांपडलीं तर आईला जाऊं द्यावें असें सांगितलें आहे. शेती करणाऱ्या लोकांसाठीं दिलेले हे नियम होत.

आतां मुलांसाठीं उन्हाळ्याच्या सुटींतील काम. आपल्या शेतांतील, किंवा वडिलांच्या परवानगीनें शेजारच्या शेतांतील, एक जुनें पोकळ झाड निवडावें. एक वही करावी. झाडाचें नांव, त्याच्या बुंध्याचा घेर, ढोल्या किती व जमिनीपासून किती उंच, हें पहिल्या पानावर लिहावें. मग आठवड्यांतून दोनदां, सूर्योदयानंतर अर्धा तास, तीस पावलांवर सावलींत स्वस्थ बसावें आणि त्या झाडावर कोण आलें, आंत कोण गेलें, चोंचींत काय होतें, तें दिवस व वेळ घालून टिपावें. पक्ष्याचें पुस्तकी नांव ठाऊक नसेल तर आजोबा त्यास जें म्हणतात तेंच लिहावें. ढोलीचें तोंड लिंपलेलें आढळलें, तर त्या दिवसापासून रोज पाहावें. पण झाडाजवळ जाऊं नये, वर तर मुळींच चढूं नये. नर फळ घेऊन किती वेळां येतो तें मोजावें, आणि शाळा उघडेल त्या दिवशीं वही घेऊन यावें.